तपासणीच्या दिवशी भरलेला वॉर्ड

आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, एक केसपेपर खोचून ठेवलेला आहे. काही वर्षांपूर्वी, कापसाची उलंगवाडी होऊन हाताला काम नसण्याच्या दिवसांत, आमच्या गावात एक टेम्पो आला होता. मोफत तपासणी, दोन दिवस राहणे-जेवणे फुकट, वर औषधे आणि येण्याजाण्याचा खर्च, असे सांगून पंधरा-वीस बायामाणसांना एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्यात आले. काकूंचा गुडघा बरेच दिवस दुखत होता, म्हणून त्याही गेल्या. तिथे सगळ्यांना खाटा मिळाल्या, जेवण वेळेवर मिळाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तोच टेम्पो सगळ्यांना परत सोडून गेला. गुडघ्याचा एक्स-रे मात्र निघाला नाही. घरी आल्यावर नातवाने केसपेपर वाचला, तर नाव बरोबर होते, वय चुकले होते आणि निदानाच्या जागी पोटाचा विकार लिहिलेला होता. “मले त गुडघ्याचा तरास होता, पन कागदावर पोटाचं लेहलं हाय,” असे काकू आजही सांगतात. पुढे त्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या ओळखीच्या एका मुलाकडून कळले, की ते दोन दिवस ‘इन्स्पेक्शन’चे होते.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पालक माझ्याकडे येतात आणि कोणते कॉलेज चांगले, फी किती, ‘मॅनेजमेंट’ची जागा खरेच मिळते का, असे प्रश्न विचारतात. या प्रश्नांची उत्तरे आणि काकूंच्या केसपेपरचा खुलासा एकाच ठिकाणी सापडतो, आणि ते ठिकाण म्हणजे वैद्यकीय शिक्षणाच्या नियमनाची व्यवस्था. दिल्लीत चालणारा हा कारभार आपल्या वॉर्डातल्या खाटेपर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घेणे अवघड नाही.

प्रथम हे पाहू, की एखाद्या महाविद्यालयाला रुग्ण ‘भरून’ दाखवण्याची गरजच का पडते. डॉक्टर पुस्तकातून निम्मा शिकतो आणि उरलेला निम्मा रुग्णाच्या उशाशी उभा राहून शिकतो. सिकलसेलचा रुग्ण वेदनेच्या झटक्यात कसा तळमळतो, मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या हळूहळू कशा मिटू लागतात, फवारणीच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या कशा होतात, हे चित्रात पाहणे वेगळे आणि रात्री दोन वाजता समोर पाहणे वेगळे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा रुग्णाला पाहताक्षणी ओळखणारा डॉक्टर जवळ असणे म्हणजे काय, हे आमच्या भागाने अनुभवले आहे. ज्या विद्यार्थ्याने रिकाम्या वॉर्डात पाच वर्षे काढली, तोही पुढे डॉक्टर होणार आणि बहुधा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटाच रात्रपाळीला असणार.

म्हणूनच नियमात खाटा आणि रुग्ण यांचा हिशेब आहे. वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या मानकांनुसार एमबीबीएसच्या १०० जागांसाठी ४२० खाटांचे रुग्णालय लागते आणि त्यातल्या ८० टक्के खाटांवर रुग्ण असावे लागतात, म्हणजे कोणत्याही साध्या दिवशी सुमारे ३३६ माणसे दाखल असली पाहिजेत. शहरातल्या जुन्या शासकीय रुग्णालयात ही अडचण येत नाही. नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये खाट मिळत नाही म्हणून जमिनीवर गादी टाकलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. पण शहरापासून दूर, डांबरी रस्त्याच्या कडेला नव्याने उभ्या राहिलेल्या खासगी रुग्णालयात रोज तीनशेच्या वर रुग्ण यायचे, तर तिथले उपचार परवडणारे आणि भरवशाचे असावे लागतात, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे खर्च करावा लागतो. त्यापेक्षा तपासणीच्या दोन दिवसांपुरते टेम्पो पाठवणे कितीतरी स्वस्त पडते. प्राध्यापकांचेही असेच होते. पूर्ण वेळ पगार देऊन शिक्षक नेमण्यापेक्षा दुसऱ्या शहरात आपला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरचे नाव हजेरीपटावर ठेवायचे आणि तपासणीच्या दिवशी त्याला गाडीने बोलावून घ्यायचे, हा प्रकार देशभर इतका रुळला, की त्याला ‘घोस्ट फॅकल्टी’ असे नावच पडले.

कापसाच्या खरेदी केंद्रावर काय होते ते आठवून पाहा. ग्रेडर गाडीच्या वरचा कापूस पाहतो, मग हात आत घालून खालचाही काढतो, मीटर लावून ओलावा मोजतो. आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भावात कपात होते आणि बाराच्या वर गेला तर गाडी परत जाते. शेतकऱ्याला त्या निर्णयाचा रागही येतो, पण सगळे त्याच्या डोळ्यांसमोर घडते, मीटरवरचा आकडा त्याला दिसतो आणि बाजूला उभ्या असलेल्या दहा जणांनाही दिसतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या तपासणीत आतापर्यंत दोनच बाजू हजर असत, एक तपासणारी आणि दुसरी तपासून घेणारी. ज्याच्यासाठी ही सगळी तपासणी, तो विद्यार्थी आणि तो रुग्ण या व्यवहारात फक्त मोजण्यापुरते होते. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतल्या सगळ्या सुधारणा या एका दोषाभोवती फिरतात, आणि त्या कुठे कमी पडतात हेही याच दोषाकडे पाहिले की कळते.

थोडा इतिहास पाहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही. आयोगाच्या आधी हे काम वैद्यकीय परिषद पाहत असे. तिचा पहिला कायदा १९३३ चा. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९५६ चा भारतीय वैद्यकीय परिषद कायदा आला. १९९३ मध्ये या कायद्यात एक मोठी दुरुस्ती झाली आणि नवे महाविद्यालय काढायचे किंवा जागा वाढवायच्या तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. ही परवानगी परिषदेच्या तपासणीवर आणि शिफारशीवर अवलंबून असे. हेतू चांगला होता, कारण तोवर आधी कॉलेज सुरू करायचे आणि मग विद्यार्थ्यांचे भवितव्य पुढे करून मान्यता मागायची, अशी वहिवाट पडली होती. पण सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात गेल्या. अभ्यासक्रम ठरवणारी, तपासणी करणारी, शिफारस करणारी आणि डॉक्टरांच्या गैरवर्तनाची सुनावणी करणारी संस्था एकच झाली.

त्याचा परिणाम एप्रिल २०१० मध्ये साऱ्या देशाने पाहिला. पंजाबातल्या एका महाविद्यालयाच्या मान्यतेच्या प्रकरणात लाचखोरीच्या आरोपावरून परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांना सीबीआयने अटक केली आणि पुढच्याच महिन्यात केंद्राने परिषद बरखास्त करून प्रशासक मंडळ नेमले. २०१३ मध्ये परिषद पुन्हा आली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या ९२ व्या अहवालात या संस्थेवर कडक ताशेरे ओढले आणि तिची मुळापासून फेररचना करायला सांगितले. त्याच वर्षी २ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली परिषदेवर देखरेख समिती नेमली. सप्टेंबर २०१८ मध्ये वटहुकमाने परिषद पुन्हा बाजूला सारली गेली, ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा झाला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून जुन्या परिषदेची जागा आयोगाने घेतली.

नव्या कायद्याने किल्ल्यांचा जुडगा सोडवला. आयोगाखाली चार स्वायत्त मंडळे आहेत. पदवी शिक्षणाचे एक, पदव्युत्तर शिक्षणाचे एक, महाविद्यालयांचे मूल्यांकन आणि मानांकन करणारे एक, आणि डॉक्टरांची नोंदणी व नीतिमत्ता पाहणारे एक. म्हणजे ‘काय शिकवावे’ हे ठरवणारे वेगळे आणि ‘शिकवले जाते का’ हे तपासणारे वेगळे. आयोगाचे ३३ सदस्य असतात. त्यांना पदावर येताना आणि पद सोडताना आपली मालमत्ता व देणी जाहीर करावी लागतात आणि ती माहिती आयोगाच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. पद सोडल्यावर दोन वर्षे, ज्या खासगी महाविद्यालयाचे प्रकरण आपण हाताळले तिथे त्यांना नोकरी धरता येत नाही. नवीन महाविद्यालयाच्या अर्जावर सहा महिन्यांत निर्णय झाला पाहिजे, आणि नकार मिळाला तर आधी आयोगाकडे व नंतर केंद्र सरकारकडे अपील करता येते. मूल्यांकन मंडळाने महाविद्यालयांचे मानांकन लोकांसाठी खुले करावे, असेही कायद्यात लिहिले आहे.

एका गोष्टीची खंत मला वाटते. जुन्या परिषदेत शंभराहून अधिक सदस्य होते आणि त्यांतले बरेच डॉक्टरांनी व विद्यापीठांनी निवडून दिलेले असत. आता सदस्यांची नेमणूक होते, राज्यांना पाळीपाळीने जागा मिळते आणि निवडीची सूत्रे मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे असतात. निवडणुकीतून आलेल्यांनी काय केले ते २०१० ने दाखवलेच, त्यामुळे जुनी पद्धत जशीच्या तशी हवी होती असे मी म्हणणार नाही. पण नेमलेला माणूस आपला हिशेब नेमणाऱ्याला देतो. वणीत किंवा धानोऱ्यात तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला या आयोगात आपले म्हणणे पोहोचवण्याची सरळ वाट उरलेली नाही. जिथे निवडणूक नाही, तिथे कामकाजाचे कागद उघडे असण्याची गरज दुपटीने वाढते.

आता तपासणीच्या पद्धतीकडे येऊ, कारण खरा बदल तिथेच झाला आहे. एक दिवस ठरवून पथक पाठवायचे, या ऐवजी वर्षभराची माहिती रोज गोळा करायची, ही आयोगाची दिशा आहे. प्राध्यापक आणि निवासी डॉक्टरांची हजेरी आधारशी जोडलेल्या यंत्रावर लागते आणि कामाच्या दिवसांपैकी किमान ७५ टक्के दिवस हजेरी सक्तीची आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून बोटाच्या ठशाऐवजी मोबाइलवर चेहरा आणि ठिकाण तपासणारी पद्धत आली. बाह्यरुग्ण, दाखल रुग्ण, शस्त्रक्रिया आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या यांची नोंद संगणकीय प्रणालीत ठेवावी लागते. प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी स्वतःच्या स्थितीचे घोषणापत्र भरून द्यावे लागते. खोटी माहिती दिली किंवा मानके पाळली नाहीत, तर २०२३ च्या नियमांप्रमाणे एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, जागा कमी होऊ शकतात किंवा प्रवेश थांबवले जाऊ शकतात.

ही पद्धत जुन्यापेक्षा निश्चित चांगली आहे. दोन दिवसांसाठी वीस माणसे आणता येतात, पण तीनशे पासष्ट दिवस तीनशे माणसे आणता येत नाहीत. तरीही २०२५ च्या जून-जुलैत जे बाहेर आले, ते वाचून मन खट्टू झाले. आपल्या गोंदिया-गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये, रायपूरजवळच्या एका खासगी महाविद्यालयाला अनुकूल अहवाल देण्यासाठी ५५ लाख रुपयांची लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी पथकातल्या डॉक्टरांसह सहा जणांना अटक केली. सीबीआयने नोंदवलेल्या गुन्ह्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयातले कर्मचारी, तपासनीस आणि महाविद्यालयांचे चालक मिळून तीसहून अधिक जणांची नावे आली. तपासणीच्या तारखा आणि पथकातली नावे आधीच फोडणे, नसलेले प्राध्यापक दाखवणे, खोटे रुग्ण दाखल करणे आणि हजेरी यंत्रासाठी बोटांचे नकली ठसे बनवणे, असे त्यातले आरोप आहेत. त्यांचा निकाल न्यायालय लावील. पण काकूंचा टेम्पो ही आमच्या तालुक्यापुरती गोष्ट नव्हती, हे त्या आरोपांची यादी वाचताना मला कळून चुकले.

यंत्र बसवले तरी यंत्रातली माहिती कोणाला दिसते, हा प्रश्न उरतोच. हजेरीचा आकडा जर फक्त महाविद्यालय आणि आयोग यांनाच दिसत असेल, तर व्यवहारात पुन्हा दोनच बाजू राहतात. २०२३ च्या मानकांत मात्र याबाबत फार मोलाची तरतूद आहे. प्राध्यापकांच्या रोजच्या हजेरीचा फलक महाविद्यालयाने स्वतःच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसेल असा ठेवावा, असे त्यात म्हटले आहे. शिक्षकांची नावे, विद्यार्थ्यांची संख्या आणि रुग्णसेवेचे आकडेही संकेतस्थळावर अद्ययावत ठेवायचे असतात. २०२५ च्या जुलैमध्ये आयोगाने इंटर्न आणि निवासी डॉक्टरांना मिळणाऱ्या विद्यावेतनाचा तपशीलही जाहीर करायला सांगितले, कारण कागदावर विद्यावेतन दाखवायचे आणि हातात कमी द्यायचे, अशा तक्रारी अनेक ठिकाणांहून येत होत्या.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांसोबत मी हल्ली पहिले काम हेच करतो. ज्या महाविद्यालयाचा विचार चालला आहे त्याचे संकेतस्थळ उघडायचे आणि हजेरीचा फलक शोधायचा. काही ठिकाणी तो पहिल्याच पानावर असतो. काही ठिकाणी जाहिरातीतल्या हसऱ्या विद्यार्थ्यांचे आठ फोटो सरकवल्यावर एक दुवा दिसतो आणि त्यावर बोट ठेवले की पान उघडत नाही. ज्या महाविद्यालयाला आपल्या शिक्षकांची हजेरी दाखवायला संकोच वाटतो, तिथे आपल्या लेकराला पाच वर्षे ठेवण्यापूर्वी पालकाने एकदा समक्ष जावे, सकाळी अकराच्या सुमारास ओपीडीत बसावे आणि माणसे मोजावीत, असे मी सांगतो. यवतमाळहून नागपूरला जाणारी पहिली एसटी पकडली तर हे काम एका दिवसात होते.

प्रवेश आणि फी या बाबतीत परिस्थिती बरीच सुधारली आहे, म्हणून त्यावर थोडक्यात लिहितो. २०१६ पूर्वी आपल्या राज्यात सरकारची वेगळी सीईटी, खासगी महाविद्यालयांच्या संघटनेची वेगळी परीक्षा आणि अभिमत विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा, असा पसारा होता. देणगीच्या नावाखाली पैसे घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानेच बंदी आहे, पण परीक्षा संस्थेच्या हातात असेपर्यंत ती बंदी कागदावरच राहिली. ‘नीट’ या देशभरच्या एकाच प्रवेश परीक्षेने हा पसारा एका यादीवर आणला. त्या यादीवरचा विश्वास २०२४ मध्ये पेपरफुटीने डळमळला. तेवीस लाखांहून अधिक मुलांनी दिलेल्या परीक्षेचा पेपर हजारीबाग आणि पाटणा येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. गैरप्रकार देशभर पसरल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून परीक्षा रद्द झाली नाही. त्या जून-जुलैत माझ्या वर्गातली मुले रोज येऊन ‘सर, परत परीक्षा होईल का?’ असे विचारत होती आणि त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. विदर्भाच्या मुलांना आणखी एक बदल पचवावा लागला होता. राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी राखणारी ७०:३० ची पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्यामुळे तिकडून ही मागणी होती आणि तिच्यात तथ्य होते, पण गडचिरोलीच्या मुलाला आता लातूरच्या शिकवणी वर्गांतल्या मुलाशी थेट स्पर्धा करावी लागते, हेही तितकेच खरे आहे.

फीच्या बाबतीत आपल्याकडे २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाने आपला खर्च दाखवून प्रस्ताव द्यायचा आणि प्राधिकरणाने फी ठरवायची, अशी ही पद्धत आहे. ठरलेली फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयवार पाहता येते. अभिमत विद्यापीठे या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत, हे मात्र पालकांनी पक्के लक्षात ठेवावे, कारण नावावरून हा फरक कळत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या गावातले एक गृहस्थ संध्याकाळी माझ्याकडे आले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. एका एजंटाचा निरोप होता: नागपूर भागात जागा पक्की, टोकन दोन लाख, बाकी नंतर. त्यांनी पाच एकरांतले दोन एकर गहाण ठेवण्याचे ठरवले होते आणि सातबारा खिशातच होता. आम्ही प्राधिकरणाचे पान उघडून त्या महाविद्यालयाची मंजूर फी पाहिली. मग राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका उघडली आणि संस्थात्मक, म्हणजे ‘मॅनेजमेंट’च्या, कोट्यातल्या जागासुद्धा नीटच्या गुणवत्तेनुसार कक्षाच्याच प्रवेशफेऱ्यांतून भरल्या जातात, हा मजकूर त्यांना दोनदा वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग सातबाऱ्याची घडी करून परत खिशात ठेवली. ही माहिती अनेक वर्षांपासून सर्वांसाठी खुली होती, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी एजंट पोहोचला होता.

शासकीय महाविद्यालयांनाही हीच कसोटी लावली पाहिजे, आणि इथे विदर्भाचे दुखणे जरा वेगळे आहे. यवतमाळला १९८९ मध्ये, अकोल्याला २००२ मध्ये, चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गोंदियाला २०१६ मध्ये शासकीय महाविद्यालय आले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांतली अमरावती, बुलढाणा, वाशिम, भंडारा आणि गडचिरोली ही पाच आपल्याकडची आहेत, आणि प्रत्येकात १०० जागा आहेत. देशात २०१४ पूर्वी ३८७ महाविद्यालये आणि ५१,३४८ एमबीबीएस जागा होत्या. दहा वर्षांत महाविद्यालये सातशेच्या पुढे आणि जागा लाखाच्या पुढे गेल्या. इमारत दोन वर्षांत उभी राहते, पण शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक घडायला बारा-पंधरा वर्षे लागतात. शासकीय वॉर्डात टेम्पोने रुग्ण आणावे लागत नाहीत, तिथे रुग्णांची दाटी असते आणि शिक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात. तपासणी जवळ आली की दुसऱ्या शहरातून शिक्षकांच्या तात्पुरत्या बदल्या करायच्या आणि तपासणी झाली की त्यांना परत पाठवायचे, हा शासकीय मार्ग झाला. त्याने फसवणूक तीच होते. गडचिरोलीला कॉलेज हवेच, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही, पण नियम तिथल्यासाठी सैल करण्याऐवजी रिकाम्या जागांचा खरा आकडा लोकांसमोर ठेवला, तर त्या भरण्यासाठी सरकारवर दबाव आणता येतो.

सेवाग्रामचे उदाहरण इथे आठवते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, घरोघरी जाते आणि त्या घरांची पुढे वर्षानुवर्षे विचारपूस करते. आयोगाने आता देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावे लागते. आपल्या राज्यात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष सेवा द्यावी लागते, नाही तर दहा लाख रुपये भरावे लागतात. हे सगळे कार्यक्रम खेड्यात होतात, पण ते झाले की नाही याची नोंद खेड्याला विचारून होत नाही. ज्या गावाची घरे ‘दत्तक’ आहेत, त्या गावच्या ग्रामसभेपुढे वर्षातून एकदा ती यादी वाचली गेली, तर खोटी यादी कोणी करणार नाही, कारण गावात कोणाच्या घरी कोण आले हे सर्वांना ठाऊक असते. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे आहे.

तोवर आपल्या हातात माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. खासगी महाविद्यालय स्वतः त्याच्या कक्षेत येत नसले तरी आयोग, आरोग्य विज्ञान विद्यापीठ, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि शुल्क प्राधिकरण येतात, आणि महाविद्यालयाने त्यांना दिलेली माहिती त्यांच्याकडून मागता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज राज्याच्या कार्यालयांत चालतो आणि आयोगासाठी तो ऑनलाइन करता येतो. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ‘महाविद्यालयाची माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. कोणत्या वर्षाचे घोषणापत्र, कोणत्या तारखेचा तपासणी अहवाल, त्यात दाखवलेल्या त्रुटी आणि महाविद्यालयाने दिलेला खुलासा, असे नेमके मागावे. उत्तर न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयात करायचे असते. त्यानंतरचे अपील राज्याच्या कार्यालयांबाबत राज्य माहिती आयोगाकडे आणि वैद्यकीय आयोगाबाबत केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. आपल्या जिल्ह्यांतल्या शासकीय महाविद्यालयांसाठी अमरावती व नागपूर येथे खंडपीठे आहेत.

अलीकडे महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रुग्णाची नोंद ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाने करण्यास आयोगाने सांगितले आहे. हा चौदा अंकी क्रमांक रुग्णाच्या स्वतःच्या मोबाइलशी जोडलेला असतो, त्यामुळे आपल्या नावावर कुठे काय लिहिले गेले हे पाहण्याची वाट पहिल्यांदाच रुग्णाला मिळू शकते. काकूंचा क्रमांक मागच्या वर्षी ग्रामपंचायतीतल्या शिबिरात निघाला. त्यानंतर गुडघा दाखवायला त्या यवतमाळच्या ‘मेडिकल’मध्ये गेल्या, तेव्हा रांगेत मागे उभे असलेले लोक घाई करत असतानाही खिडकीसमोरून हलल्या नाहीत. नातवाकडून आधी नाव, मग वय आणि मग ‘उजवा गुडघा’ हे शब्द मोठ्याने वाचून घेतले, आणि मगच केसपेपर पिशवीत ठेवला.